सालाझारच्या गोव्याचे साक्षीदार

लग्नाची पत्रिका छापायची तर तिचा मसुदा आधी सेन्सॉरकडे न्यायचा. कुलदैवताचं स्मरण, वधूवरांची नावं, मुहूर्त, मंडपाचा पत्ता, सगळं सरकारी माणूस वाचणार आणि त्याची मोहोर उठली की मगच छापखान्यात खिळे जुळणार. सालाझारच्या अमलातल्या गोव्याविषयी जे जे वाचलं, त्यात ही गोष्ट मला सगळ्यात आधी भिडली. गोळीबार, तुरुंग, मारहाण हे तर होतंच. पण सरकार लग्नपत्रिकेपर्यंत येऊन बसतं म्हणजे ते घरात किती आत शिरलेलं असतं, याचा विचार करता करता मी या विषयात अडकलो तो आजवर.

मी राहतो उत्रोलीत, भोरच्या शेजारी. गोव्यात माझं सासर-माहेर, नातंगोतं काही नाही. ओढ लागली ती केशवराव जेध्यांमुळे. भोर तालुक्यात रायरेश्वराच्या बाजूला कारी नावाचं गाव आहे. कान्होजी जेध्यांचं हे गाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच घराण्यातले केशवराव पुण्यात वाढले, सत्यशोधक चळवळीत आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, तिथून शेतकरी कामगार पक्षात, हे सारं आमच्याकडे जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत ऐकायला मिळतं. पण १९५५ च्या गोवा सत्याग्रहाच्या वेळी पुण्यात जी गोवा विमोचन साहाय्यक समिती सर्व पक्षांनी मिळून चालवली, तिचे अध्यक्ष केशवराव होते आणि चिटणीस केसरीचे जयंतराव टिळक, हे त्या भाषणांत क्वचितच येतं. जेधे आणि टिळक एका समितीत! पुण्यातलं १९२० च्या दशकातलं राजकारण ज्यांना माहीत आहे, त्यांना या जोडीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एकेकाळी एकमेकांवर तुटून पडणारी घराणी ज्या राजवटीविरुद्ध एकत्र बसली, ती राजवट होती तरी कशी, असा प्रश्न मला पडला आणि मी पुस्तकं जमवायला लागलो.

इतिहासाची पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. पोर्तुगीज गोव्यात १५१० साली आले. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं, गोव्यातल्या हिंदूंनाही जरा मोकळा श्वास मिळाला. २८ मे १९२६ रोजी लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक अँतोनियु द ओलिव्हेरा सालाझार १९२८ साली अर्थमंत्री आणि १९३२ साली पंतप्रधान झाले, ते १९६८ साली आजाराने हटेपर्यंत. १९३० साली वसाहत कायदा आला, १९३३ साली नवी राज्यघटना आली, १९५१ साली ‘वसाहत’ ही पाटी पुसून गोव्याला ‘सागरापलीकडचा प्रांत’ म्हणायचं ठरलं. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २५ एप्रिल १९७४ रोजी खुद्द पोर्तुगाल मुक्त झाला. इतकं पुरे.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. हुकूमशाहीने माणसांना कसं बांधून ठेवलं हे शोधायचं तर साक्षीदार कोणते घ्यायचे? गोव्याच्या बाबतीत ते चार-पाच प्रकारचे आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी सहसा जुळत नाही. सरकारी कागद एक सांगतो, तुरुंगातून सुटलेला माणूस दुसरं, सरकारने बोलावलेला पाहुणा तिसरं. हे सगळे एका टेबलावर मांडून वाचायला लागलं की राजवटीचा चेहरा दिसू लागतो.

पहिला साक्षीदार म्हणजे तेव्हाची वर्तमानपत्रं. पणजीला पाट्यावर राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत झाली आहे, तिथे मी बसलो आहे. मला पोर्तुगीज यथातथाच येतं, शब्दकोश हाताशी ठेवून पुढे सरकतो. पण त्या काळातल्या पोर्तुगीज अंकांवरची एक छोटी ओळ ओळखायला शब्दकोश लागत नाही: ‘व्हिझादु पेला सेन्सुरा’, म्हणजे सेन्सॉरने तपासलेलं. लिस्बनमधला सेन्सॉर निळी पेन्सिल वापरायचा, आणि पोर्तुगालमध्ये आजही त्या काळाची आठवण निघाली की निळी पेन्सिल हमखास निघते. त्या सेन्सॉरचा एक नियम मला फार बोलका वाटतो. कापलेल्या मजकुराची जागा कोरी सोडायची नाही. दुसरा मजकूर भरायचा, पान सलग दिसलं पाहिजे. इथून काहीतरी गेलं आहे, हे वाचकाला कळताही कामा नये.

याच्या शेजारी आपल्याकडची आणीबाणी ठेवून पाहा. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि त्या कोऱ्या जागेने देशाला सांगायचं ते सांगितलं. पुढे तीही सोय उरली नाही. आपल्याकडच्या सेन्सॉरला कोऱ्या जागेची ताकद तो अग्रलेख पाहिल्यावर कळली, सालाझारच्या सेन्सॉरला ती मुरलेल्या अनुभवाने आधीपासून माहीत होती. म्हणून त्या काळातली गोव्यातली वर्तमानपत्रं वाचताना फार सावध राहावं लागतं. पान भरगच्च दिसतं, समारंभ, गव्हर्नरांचे दौरे, लिस्बनच्या तारा, जहाजांच्या वेळा. सगळं सुरळीत चाललं आहे असं वाटतं. हा सुरळीतपणा घडवलेला आहे, हे त्या पानावरून कळत नाही. ते कळायला दुसरा साक्षीदार लागतो.

त्या दुसऱ्या साक्षीदारांत मी पहिला मान लुईस द मिनेझिस ब्रागांझांना देतो. वसाहत कायद्याचा निषेध करणारा ठराव त्यांनी जुलै १९३० मध्ये गोव्याच्या विधिमंडळात मांडला. त्यांचं ‘प्रकाश’ हे पत्र सेन्सॉरपुढे टिकलं नाही. मराठीत केप्याच्या गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंचं ‘भारत’ १९१२ पासून निघत होतं आणि संपादक खटल्यांना तोंड देत होते. या दोघांवर मराठीत मोठी पुस्तकं यायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. गोव्याच्या लढ्याची आपली आठवण १९४६ आणि १९५५ या दोन सालांवर येऊन थांबते. त्याआधी तिथल्या संपादकांनी एकेका ओळीसाठी जे सोसलं, त्याकडे आपण पाहतच नाही.

१८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. डॉ. जुलियांव मिनेझिस त्यांच्याबरोबर होते. सभेला परवानगी हवी, भाषणाचा मसुदा आधी दाखवायला हवा, हा तिथला रिवाज. लोहियांनी तो सरळ धुडकावला. त्यानंतर जे घडलं त्याची कागदपत्रं मोठी वाचनीय आहेत. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं, गव्हर्नर जनरल जुझे बोसा यांनी पत्राने उत्तर दिलं आणि गांधीजींनी त्यालाही जबाब दिला. दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच मुद्द्यावर आणि नावानिशी बोलतात, असा कागद हुकूमशाहीच्या इतिहासात क्वचित मिळतो. गव्हर्नर म्हणतो, इथे जातीधर्माचा भेद नाही, सगळे समान नागरिक आहेत. गांधीजी आफ्रिकेतल्या डेलागोआ बेची आठवण काढतात. पोर्तुगीज अंमल त्यांनी तिथे स्वतः पाहिला होता.

समान नागरिकत्वाच्या या दाव्याची परीक्षा त्याच वर्षी झाली. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून ८ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे लॉयोला हेही पेनिशला गेले. कुन्हांचा अपराध काय, तर लेखन, सभा आणि संघटना. आपल्या ‘समान नागरिका’ला त्याच्या गावापासून हजारो मैल लांब नेऊन ठेवायचं, भेटायला येणारा कुणी नाही, आजूबाजूला सगळी परकी भाषा, ही शिक्षा तुरुंगापेक्षा जड. पाठवलेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांना ती जास्त धाक घालायची, आणि माझ्या मते राजवटीला तेच हवं होतं.

डॉ. पुंडलिक गायतोंडे यांची हकीकत याच धाग्यातली. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशात एका निरोपाच्या मेजवानीत कुणीतरी भाषणाच्या ओघात, इथे पोर्तुगालच आहे, असं म्हणालं. टेबलाशी बसलेले शल्यचिकित्सक गायतोंडे एवढंच बोलले की माझा निषेध आहे. एक वाक्य! त्यावर अटक झाली आणि लिस्बनला रवानगी. या प्रसंगावर दोन पुस्तकं आहेत, दोन्ही १९८७ साली आलेली: एक खुद्द गायतोंड्यांचं, दुसरं त्यांच्या पत्नी एडिला यांचं. एडिला पोर्तुगीज, अझोर्स बेटांवरच्या. मी ही दोन पुस्तकं पानाला पान लावून वाचली. नवरा राजकारण सांगतो, बैठका सांगतो, नेहरूंची भूमिका सांगतो. बायको घर सांगते. पाहुण्यांची ये-जा, शेजाऱ्यांचं वागणं, आपल्याच देशाचं सरकार आपल्या नवऱ्याला शत्रू मानतं तेव्हा मनाचं काय होतं ते. राजवटीने माणसांवर ताबा कसा ठेवला, या माझ्या प्रश्नाला एडिला यांचं पुस्तक जास्त उत्तरं देतं. इतिहासाच्या अभ्यासक्रमात मात्र पहिलंच पुस्तक लागतं.

आता तुरुंगाच्या लिखाणाकडे वळतो. इथे मी रमतो, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी हद्द ओलांडून गेली. पाठोपाठ जूनमध्ये जगन्नाथराव जोशी, जुलैमध्ये मधू लिमये, त्रिदिब चौधरी. समाजवादी, जनसंघी, कम्युनिस्ट, हिंदुसभेचे, सगळे. मारहाण झाली, खटले झाले, लिमयांना १२ वर्षांची शिक्षा झाली. आग्वादच्या किल्ल्यात त्यांनी रोजनिशी लिहिली आणि ती पुस्तकरूपाने आली थेट १९९६ साली, ते गेल्यावर. रोजनिशी हा साक्षीदार मोठा विश्वासू, कारण घडलेलं शिळं व्हायच्या आत लिहिलेलं असतं. पण झडतीत वही सापडेल ही धास्तीही तिच्यात असते. कोणाची नावं लिहायची नाहीत, निरोप कसा आला ते लिहायचं नाही, हे लिहिणाऱ्याला पाळावंच लागतं. म्हणजे रोजनिशीत जे नाही, तेही राजवटीविषयीच सांगत असतं. पुढे आणीबाणीत हेच लिमये पुन्हा तुरुंगात गेले आणि लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. परक्या हुकूमशाहीचा आणि घरच्या आणीबाणीचा तुरुंग पाहिलेला हा माणूस. सलग वाचावा असा लेखक आहे.

मोहन रानड्यांचं ‘सतीचे वाण’ मी दरवर्षी काढून वाचतो. सांगलीचे मनोहर आपटे गोव्यात जाऊन मराठी शिकवू लागले आणि मोहन रानडे झाले. दिवसा शाळा, रात्री आझाद गोमंतक दलाचं काम. मराठी शाळा हा त्या राजवटीच्या डोळ्यांत सलणारा विषय होता, हे त्यांच्या हकिकतीवरून नीट कळतं. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. शिक्षा २६ वर्षं. पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात नेलं. गोवा मुक्त झाला, आग्वादची दारं उघडली, पण रानडे तिकडेच. सुटका जानेवारी १९६९ मध्ये. तोवर सालाझार सत्तेवरून गेले होते, चंद्रावर माणूस उतरायला काही महिनेच राहिले होते. सुधीर फडक्यांनी, म्हणजे बाबूजींनी, रानड्यांच्या सुटकेसाठी जी धडपड केली, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे जो शब्द टाकला, ते सगळं वेगळ्या लेखाचा विषय आहे. बाबूजींच्या गाण्यांवर दिवाळी अंकांत पुष्कळ येतं, आणि ते यावंच. दादरा-नगर हवेलीच्या मोहिमेत आणि रानड्यांच्या सुटकेसाठी झिजलेल्या बाबूजींवरही तितक्याच प्रेमाने लिहिलं जावं, एवढी माझी संपादकांना विनंती आहे.

रानड्यांचं पुस्तक सुटकेनंतरचं, म्हणजे आठवणींतून लिहिलेलं. तारखा, आकडे तपासून घ्यावे लागतात. पण एकांतकोठडीतला वेळ कसा जातो, पहारेकऱ्याच्या पावलांवरून दिवस कसा ओळखायचा, हे कुठल्या निकालपत्रात सापडणार? उलट लष्करी न्यायालयाच्या कागदांत तारखा बिनचूक, कलमं बिनचूक, आणि कबुलीजबाब मात्र कोठडीत घेतलेले. तारखेसाठी न्यायालयाचा कागद आणि कबुलीजबाब कसा मिळवला त्यासाठी रानडे, अशी सांगड मी घालत आलो आहे.

कैद्याच्या शब्दावर किती विसंबायचं, अशी शंका अभ्यासू मंडळी नेहमी घेतात. घ्यावीच. तिला माझं उत्तर म्हणजे काझिमिरु मोंतैरु. गोव्यातल्या सत्याग्रहींच्या आणि भूमिगत कार्यकर्त्यांच्या आठवणींत हे नाव वारंवार येतं: मारहाण करणारा, छळ करणारा पोलिसी एजंट. त्या काळात पोर्तुगीज सरकारला हे सगळं भारताचा अपप्रचार म्हणून झटकता येत होतं. पण १३ फेब्रुवारी १९६५ रोजी स्पेनमध्ये, पोर्तुगालच्या हद्दीजवळ, जनरल उंबेर्तु देलगादु यांचा खून झाला. सालाझारांना १९५८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत आव्हान देणारा हा माणूस. त्यांच्याबरोबर त्यांची चिटणीस बाईही मारली गेली. हे काम ‘पिडे’ या राजकीय पोलिसांच्या पथकाचं होतं, आणि गोळ्या झाडणारा काझिमिरु मोंतैरु होता. हुकूमशाही कोसळल्यावर पोर्तुगालच्याच न्यायालयात खटला चालला आणि त्याला गैरहजेरीत दोषी ठरवण्यात आलं. गोव्यातल्या कोठड्यांत ज्यांनी त्याच्या हातचा मार खाल्ला होता, त्यांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर या निकालाने सिद्ध होत नाही. पण तो माणूस काय करू शकत होता आणि राजवट त्याच्याकडून काय करून घेत होती, याची दुसऱ्या देशातून, दुसऱ्या गुन्ह्यातून साक्ष मिळाली. दोन स्वतंत्र साक्षी अशा एका माणसाशी येऊन मिळाल्या की माझा विश्वास बसतो.

पिडेची दप्तरं आज लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत, आणि १९९४ पासून अभ्यासकांना खुली आहेत. हेर, खबरे, पत्रं फोडणं, कोण कोणाला भेटलं याच्या नोंदी. अशा दप्तरांविषयी मला एक धोका सतत जाणवतो. खबऱ्याला आपलं महत्त्व टिकवायचं असतं, त्यामुळे तो चहाच्या गप्पांनाही कट म्हणतो. पूर्व जर्मनीच्या स्टासीच्या फाइली उघडल्यावर तिथल्या अभ्यासकांनाही हाच पेच पडला. फाइलीत नाव आहे म्हणून माणूस क्रांतिकारक ठरत नाही, आणि नाव नाही म्हणून तो गप्प बसला होता असंही नव्हे.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो: ऑर्लांदु रिबैरु.

त्याच्याआधी एका पाहुण्याची ओळख करून द्यायला हवी. १९५१ साली ब्राझीलचे नामांकित समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेइर पोर्तुगीज सरकारच्या निमंत्रणावरून सगळ्या वसाहतींचा दौरा करत गोव्यात आले. पणजीच्या वास्को द गामा संस्थेत त्यांचं व्याख्यान झालं. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशात गेला की तिथल्या लोकांत मिसळून जातो, त्याच्या साम्राज्यात वर्णद्वेष नाही, अशी त्यांची मांडणी. ती सालाझारच्या मुत्सद्द्यांना इतकी सोयीची ठरली की पुढे संयुक्त राष्ट्रसंघात गोवा आमचा प्रांत आहे म्हणून सांगताना तिचा मुक्त वापर झाला. ती संस्था मी पाहून आलो. आज तिला मिनेझिस ब्रागांझांचं नाव आहे. प्रवेशाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांवर कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, १९३५ सालचे, जॉर्ज कोलासु या चित्रकाराचे. फार देखणं काम आहे. तिथे खूप वेळ उभा राहिलो. साम्राज्याला स्वतःविषयी काय ऐकायला आवडत होतं, ते त्या भिंतीवर आहे, आणि फ्रेइरही त्याच इमारतीत तेच सांगून गेले.

चार वर्षांनी ऑर्लांदु रिबैरु आले. लिस्बन विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक, १९११ चा जन्म, पोर्तुगालच्या भूगोलावरचं त्यांचं पुस्तक आजही मानाचं. १९५५-५६ मध्ये सरकारने त्यांना सहकाऱ्यांसह गोव्याच्या पाहणीसाठी पाठवलं. हा माणूस सरकारचा विरोधक म्हणून आला नव्हता, देशावर प्रेम करणारा अभ्यासक होता. केप व्हर्ड, गिनी हे प्रदेश त्याने पायाखाली घातलेले. गोव्यात तो खेड्यांतून हिंडला, घरं, शेतं, बाजार बघितले, छायाचित्रं काढली, लोकांशी बोलला. परत गेल्यावर १९५६ मध्ये त्याने सरकारला गोपनीय अहवाल सादर केला. त्यात त्याने लिहिलं की आपण पाहिलेल्या सगळ्या पोर्तुगीज मुलखांत गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, अगदी गिनीपेक्षाही. पोर्तुगीज भाषा मूठभरांखेरीज कुणाला येत नाही. समाज आपल्याविषयी उदासीन आहे, वेळी वैरीही आहे.

हे लिहिलं कधी, तर लिस्बनचं सरकार हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दादरा-नगर हवेलीवरून भारताविरुद्ध दावा लढत होतं आणि गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं जगभर सांगत होतं तेव्हा. त्याच सरकारच्या हाती त्याच्याच माणसाचा हा कागद होता. सरकारने तो बाजूला ठेवला. तो छापून आला १९९९ साली. रिबैरु १९९७ मध्ये वारले होते.

मला या अहवालाचं मोल एवढ्यासाठी वाटतं की तो आपल्या बाजूच्या कुणी लिहिलेला नाही. रानडे, लिमये, गोरे यांची साक्ष कुणीही शत्रूची साक्ष म्हणून नाकारू शकतो. फ्रेइरची साक्ष पाहुण्याची. रिबैरुंची साक्ष घरच्या माणसाने बंद दाराआड घरच्याच माणसांना दिलेली. हुकूमशाही प्रजेला खोटं सांगते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरं काय ते तिच्या कपाटात लेखी पडलेलं होतं आणि तरीही तिने १९६१ पर्यंत निळी पेन्सिल चालवली, लोकांना पेनिशला धाडलं, डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या मूठभर सैन्याला शरण न जाता लढून मरा म्हणून तार केली. गव्हर्नर वासालु इ सिल्व्हा यांनी तो हुकूम मानला नाही आणि शरणागतीवर सही केली, म्हणून कित्येक जीव वाचले. परत गेल्यावर सालाझारांनी त्यांनाच लष्करातून काढून टाकलं.

रिबैरुंच्या शेजारी कैद्यांची पुस्तकं ठेवली की दोघांतही न आलेली एक गोष्ट उरते: निमूट जगणारी माणसं. कैद्यांना ती भेटत नव्हती आणि प्रोफेसरसाहेबांपुढे ती मोकळी होत नव्हती. १९५० नंतर गोव्यात लोहखनिजाच्या खाणी वाढल्या, माल जपानला जाऊ लागला, हातात पैसा आला. भारताने १९५५ पासून नाकेबंदी केली तरी दुकानांत परदेशी वस्तू मिळत होत्या. मुंबईत आणि आफ्रिकेत गेलेल्या गोवेकरांच्या मनीऑर्डरींवर घरं चालत होती, आणि घरातला मुलगा मुंबईत काही बोलला तर इथल्या बापाला चौकीवर बोलावणं येईल ही भीतीही होती. राजवटीने माणसांना केवळ काठीने धरलं नव्हतं. त्यांच्या पोटाच्या, प्रवासाच्या, मुलांच्या सगळ्या दोऱ्या तिच्या हातात होत्या. फोंड्याच्या बाजूला एका वयस्कर बाईंनी मला सांगितलं की घरात रेडिओ लावताना आवाज अगदी बारीक ठेवायचा, आणि आधी खिडकी लावायची. त्या कुठलं केंद्र ऐकत होत्या ते त्यांनी सांगण्याची गरज नव्हती. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीच्या दिवसापर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे दोघं हद्दीपलीकडच्या रानातून कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये चोरटं नभोवाणी केंद्र चालवत होते. त्याच्या बातम्या काय होत्या याची माहिती मिळते. खिडक्या किती घरांत लागायच्या, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती अशा बाईंकडूनच मिळणार, आणि तशी माणसं आता थोडीच उरली आहेत.

१५ ऑगस्ट १९५५ च्या गोळीबाराचीही गत अशीच. निःशस्त्र सत्याग्रही हद्दीवर गेले, पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, पनवेलचे हिरवे गुरुजी आणि पत्रादेवीला कर्नेल सिंग गेले. एकूण किती गेले याचे आकडे पुस्तकागणिक बदलतात. पोर्तुगीज बाजू जमाव चालून आला म्हणते, आपली बाजू शांततेने निघालेले स्वयंसेवक म्हणते. विदेशी वार्ताहर त्या दिवशी हद्दीवर हजर होते, आणि लोक निःशस्त्र होते हे त्यांच्या वार्तापत्रांवरून स्पष्ट होतं. या एका मुद्द्यावर मला तिसऱ्याची साक्ष निर्णायक वाटते.

आग्वादचा जुना तुरुंग २०१५ पर्यंत चालू होता. आता त्याचं संग्रहालय झालं आहे, ते डिसेंबर २०२१ पासून लोकांना खुलं आहे. कुन्हा आणि लोहियांच्या स्मरणार्थ कोठड्या राखल्या आहेत. समुद्र इतका जवळ की लाटांचा आवाज भिंतीतून येतो. पर्यटक बाहेर फोटो काढतात, आत फारसे थांबत नाहीत. मराठी पाट्या वाढवाव्यात, आणि तिथे लिमयांच्या रोजनिशीतली आणि ‘सतीचे वाण’मधली काही पानं वाचायला ठेवावीत, असं मला मनापासून वाटतं. लिस्बनमधला अल्जुबचा तुरुंग आणि पेनिशचा किल्ला यांचीही संग्रहालयं झाली आहेत. पोर्तुगीज लोकांनी आपल्या हुकूमशाहीच्या खुणा पुसल्या नाहीत, उलट जपल्या, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

आमच्या बाजूचं काम मात्र राहिलं आहे. पुण्यातून तुकड्या निघाल्या तेव्हा मावळातली, भोर-वेल्ह्याची माणसं त्यांत होती का, होती तर कोणत्या गावची, कोणाच्या पाठीवर वळ उठले, कोणाच्या घरात त्या वेळचं कार्ड किंवा समितीची पावती पडून आहे, हे गावोगाव जाऊन विचारावं लागेल. भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं. सात वर्षांनी याच मुलखातली तरुण मुलं दुसऱ्याच्या मुक्तीसाठी काठ्या खायला निघाली असतील, तर त्यांची नावं गावच्या शाळेत लागलेली असायला हवीत. कारी, आंबवडे, नसरापूर, वेल्हे या बाजूला कुणाच्या घरी असं काही असेल, तर ते जुन्या रद्दीत घालू नका. ट्रंकेतले कागद उन्हात वाळवा, आजोबांची नावं आणि गाव एका वहीत लिहा, आणि भोरच्या वाचनालयात एक प्रत नेऊन द्या.